प्रिंटर घ्या, पण फोटोसाठी नको

वाचकाचं पत्र:

दादा, नमस्कार. नंदगडजवळच्या एका गावात मी राहते. घरात सासूबाई (आम्ही त्यांना आत्या म्हणतो), पाचवीतली मुलगी, दुसरीतला मुलगा आणि मी. हे मिलिटरीत आहेत, सध्या उत्तरेकडे पोस्टिंग. फोटो सगळे मोबाईलमध्ये पडून आहेत आणि आत्यांना मोबाईलवर बघून समाधान होत नाही. "हातात दे गे फोटो," म्हणतात. खानापूरच्या स्टुडिओत 4×6 ची कॉपी 15 रुपये, पासपोर्टच्या आठ कॉप्या 60 रुपये. महिन्याला वीस-पंचवीस फोटो तरी काढून आणते. मुलांच्या शाळेच्या प्रोजेक्टला रंगीत प्रिंट लागतात, त्या 10 रुपये पान, महिन्याला तीसेक होतात. धाकटे दीर म्हणतात घरीच फोटो प्रिंटर घ्या. बेळगावात खडेबाजारात चौकशी केली. चार रंगांच्या टाकीचा प्रिंटर 13 हजार, सहा रंगांचा 23 हजार. फक्त 4×6 फोटो काढणारा लहान प्रिंटर 11 हजार, त्याचं 108 कागदांचं पाकीट 2,700. हे फोनवर म्हणाले, "एवढ्या पैशात स्टुडिओतनं जन्मभर कॉप्या निघतील." खरं कुणाचं?
— एक सून, नंदगड परिसर

ताई,

मिस्टरांचं खरं आहे, आणि दिरांचंही थोडं खरं आहे. दोघांनी हिशेब मात्र एकाच गोष्टीचा केला, फोटोचा. तुमच्या पत्रातली महत्त्वाची ओळ वेगळीच आहे. ती म्हणजे शाळेच्या प्रिंट.

माझी बावीस वर्षं बेळगावच्या एका स्टुडिओत गेली. रोल धुण्यापासून सुरुवात केली, शेवटी पेनड्राइव्हवरनं कॉप्या काढून देत होतो. आता घरोघरी जाऊन प्रिंटर दुरुस्त करतो. म्हणजे दुकानाच्या काउंटरच्या दोन्ही बाजू मी बघितल्यात. आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक एका कॉपीसाठी "दोन रुपये कमी करा ओ" म्हणून अर्धा तास वाद घालायचं, आणि तेच घरी वीस हजारांचं यंत्र धूळ खात ठेवायचं. म्हणून आधी वही-पेन घ्या.

वर्षाला तुमचे तीनशे फोटो धरू. घरी एका 4×6 कॉपीला किती पडतात? टाकीच्या प्रिंटरची शाई मिलीमागे सहा रुपयांच्या आसपास धरा. फोटो कडेपासून कडेपर्यंत रंगलेला असतो. माझ्या अनुभवात 4×6 ला पाव मिलीच्या जवळपास शाई जाते, म्हणजे दीड रुपया. बरा कागद सहा रुपये. अधूनमधून हेड (शाई फेकणारा भाग) साफ करताना वाया जाणारी शाई आणि बिघडलेल्या कॉप्या मिळून आणखी दीड. झाले नऊ. स्टुडिओत पंधरा. कॉपीमागे सहा वाचले. आता 13 हजारांना सहाने भागा: 2,166 कॉप्या. वर्षाला तीनशेच्या वेगाने सात वर्षं होऊन जातात. सहा रंगांचा 23 हजारांचा घेतला तर जवळजवळ तेरा वर्षं. तोवर पाचवीतली मुलगी नोकरीला लागेल.

लहान फोटो प्रिंटरचा हिशेब तर एका ओळीत संपतो. 2,700 भागिले 108, म्हणजे कॉपी 25 रुपये. स्टुडिओपेक्षा दहा रुपये जास्त, म्हणून त्याचे 11 हजार कधीच वसूल होणार नाहीत.

म्हणजे मिस्टर जिंकले? थांबा. शाळेची पानं साध्या कागदावर निघतात. घरी रंगीत पान दोन रुपयांच्या आत बसतं. पानामागे आठ रुपये वाचतात. शाळेचे दहा महिने धरले तर तीनशे पानं, म्हणजे वर्षाला 2,400 रुपये. फोटोंचे 1,800. पासपोर्टची शीट वर्षाला सहा काढली तर आणखी तीनशे. एकूण 4,500. आता 13 हजार तीन वर्षांच्या आतच सुटतात. आणि त्यातला अर्ध्याहून जास्त वाटा मुलांच्या प्रोजेक्टचा आहे, फोटोचा नाही! म्हणून मी म्हणतो, फोटोसाठी प्रिंटर घेऊ नका. शाळेसाठी चार रंगांचा घ्या, आणि घेतलाच आहे म्हणून त्यावर फोटोही काढा.

खर्चात बसचं तिकीट मी धरलं नाही. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेमुळे आपल्या कर्नाटकात सरकारी साध्या बसला बायकांना तिकीट नाही, त्यामुळे नंदगड-खानापूर तुम्हाला फुकटच. पण स्टुडिओत गेलं की "तासाभरानं या ताई" ऐकावं लागतं, आणि अर्धा दिवस जातो तो जातोच. त्या अर्ध्या दिवसाची किंमत तुम्हीच लावा, माझ्या आकड्यांत ती नाही.

आता दुकानदार बॉक्स पुढे करून "साडेसात हजार पानं निघतात ताई, बघा की" म्हणेल. तो आकडा खोटा नसतो, तो फोटोचा नसतो. ती पानं ठरावीक चाचणीची असतात, बराचसा मजकूर आणि थोडी चित्रं असलेली. हिशेब बघा. तीन रंगांच्या 65 मिलीच्या तीन बाटल्या म्हणजे 195 मिली. 7,500 ने भागलं तर पानाला 0.026 मिली येते. फोटोला पाव मिली लागते, म्हणजे दहापट. त्याच 195 मिलीत फोटो निघतील साधारण 780. आणि नव्या प्रिंटरची पहिली शाई तर नळ्या भरण्यातच काही कमी होते. दुकानदाराला सरळ विचारा, "4×6 फोटोचा आकडा कुठला?" काही यंत्रांच्या माहितीत तो वेगळा दिलेला असतो. नसेल तर पाव मिली धरून चाला.

सहा रंगांच्या यंत्राबद्दल दोन शब्द. त्यात नेहमीच्या चार रंगांबरोबर बहुतेक वेळा फिका निळा आणि फिका गुलाबी असतो. म्हणून चेहऱ्याचा रंग, पहाटेचं आभाळ, लग्नातल्या फिकट साड्या यांत ठिपके दिसत नाहीत. ज्याला फोटोचाच धंदा करायचा त्याने हे जरूर घ्यावं. पण आत्यांना नातवाचा फोटो हातात धरून बघायचा आहे, भिंग लावून नाही. चांगल्या कागदावर चार रंगांचा फोटोही त्यांना आवडेल, याची मी हमी देतो. (माझ्या आईला तर सगळे फोटो "थोडे लालसर" वाटायचे. नंतर कळलं, चूक चष्म्याची होती.)

लहान फोटो प्रिंटरबद्दल मात्र एक चांगलं सांगतो, कारण खूप कमी वापर असणाऱ्यांसाठी तोच बरा. बाजारात कॅननचा सेल्फी नावाचा मिळतो, तो या जातीचा. त्यात शाई नाही. रंगाची फीत तापवून आधी पिवळा, मग किरमिजी, मग निळा, आणि वर पारदर्शक थर चढतो. एक फोटो चार फेऱ्यांत बाहेर येतो. शाई नसल्याने तो सहा महिने बंद राहिला तरी वाळत नाही, आणि फोटो ओल्या बोटाने धरला तरी बिघडत नाही. फीत कागदाइतकीच मोजून येते, म्हणून पांढरा फोटो काढा की काळा, खर्च तेवढाच. एक लक्षात ठेवा: वापरलेल्या फितीवर तुमच्या फोटोचं चित्र उमटलेलं राहतं. कचऱ्यात टाकताना कात्रीने तुकडे करा. खिशात मावणारे आणखी लहान प्रिंटर आहेत, खास कागदाच्या पोटातच रंग असलेले. ते वाढदिवसाची गंमत म्हणून ठीक, अल्बमसाठी नाही.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे यंत्र जिवंत ठेवणं. आपल्या भागात प्रिंटर शाईच्या खर्चाने मरत नाहीत, बसून बसून मरतात. प्रिंटरच्या हेडला केसाहून बारीक छिद्रं असतात. प्रिंटर बटनाने बंद केला की ते हेड जाऊन रबरी टोपीखाली बसतं, म्हणजे वाळत नाही. आपल्याकडे काय होतं? मधेच लाईट जाते, किंवा "करंट खातोय" म्हणून भिंतीचा स्विच बंद करतात. हेड रस्त्यातच उघडं राहू शकतं. दोन आठवड्यांनी प्रिंट काढली की पट्टे उमटतात. मग "हेड क्लीनिंग" दाबा, परत दाबा, परत दाबा, आणि प्रत्येक दाबण्यासरशी शाई खाली स्पंजात जाते. तो स्पंजही कधीतरी भरतो आणि प्रिंटर बंद पडतो. स्वतःच्या घरी मी हा धडा फार महाग शिकलो. पावसाळ्यात दोन महिने आजारी होतो, मुलाने रोज भिंतीचा स्विच बंद केला, आणि उठलो तेव्हा प्रिंटर दुरुस्तीपलीकडे गेला होता. म्हणून सांगतो. प्रिंटर बटनाने बंद करा, दिवा विझू दे, मगच स्विच. आठवड्याला एक रंगीत पान काढा, मुलाच्या वहीला चिकटवायला फुलपाखरू काढलं तरी चालेल. लहानसा यूपीएस असेल तर त्यावर जोडा, निदान मधेच लाईट गेली तर तो बटनाने बंद करायला सवड मिळेल.

घेताना आणखी एक प्रश्न विचाराल का? "हेड बिघडलं तर?" कॅनन आणि एचपीच्या टाकीवाल्या प्रिंटरांपैकी बऱ्याच मॉडेलांत हेड स्वतः काढून नवं बसवता येतं. एप्सनमध्ये हेड यंत्रातच पक्कं असतं, आणि ते बदलायचं तर मेकॅनिक लागतो. उलट बाजूने, एप्सनचं हेड उष्णतेने नाही, कंपनाने शाई फेकतं, म्हणून नीट सांभाळलं तर फार वर्षं टिकतं. नंदगडहून मेकॅनिकसाठी बेळगाव गाठावं लागेल, म्हणून तुमच्यासाठी मी सहज बदलता येणाऱ्या हेडाच्या बाजूने झुकेन. पण हे माझं मत. जवळपास चांगला मेकॅनिक असेल तर दुसरंही ठीक. बाहेरची स्वस्त शाई मात्र वॉरंटी संपेपर्यंत टाकू नका. आणि नंतरही टाकायची असेल तर एका रंगाने सुरू करून दोन-तीन महिने बघा.

कागदाबद्दल. बाजारात चौरस मीटरमागे 130 ग्रॅमपासून 270 ग्रॅमपर्यंत वजनाचा चमकता कागद मिळतो. 130 चा घेतला तर शाईने फोटो वाकतो आणि हातात पोस्टकार्डासारखा लागत नाही. 230 च्या वरचा घ्या. पाठीवर प्लॅस्टिकचा थर असलेला कागद हाताला गुळगुळीत लागतो, तो पाणी पटकन शोषत नाही. साध्या लेपाच्या स्वस्त कागदावर रंग हवा-उजेडाने लवकर उडतो. पॅकेटवर "A4 मध्ये चार फोटो" वाचून फसू नका. चार 4×6 ना 12 इंच लांबी लागते, A4 कागद 11.69 इंचांचाच आहे. पूर्ण मापाचे तीनच बसतात. 4×6 चं पॅकेटच घ्या. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत खानापूर तालुक्याची ओल सांगायला नको, भिंतीवरचं कॅलेंडरही वाकतं! म्हणून कागदाचं पॅकेट उघडलं की चेनवाल्या पिशवीत ठेवून हवा काढून बंद करा.

सेटिंगमध्ये एकच गोष्ट बहुतेक जण चुकवतात. कागदाचा प्रकार "प्लेन पेपर" ठेवून फोटो कागदावर छापतात. फोटो पुसट येतो, ओघळतो, आणि दोष प्रिंटरला. "फोटो पेपर, ग्लॉसी" निवडा. "बॉर्डरलेस" म्हणजे पांढरी कड न सोडता छापलं तर यंत्र फोटो किंचित मोठा करून कागदाच्या बाहेरही शाई उडवतं, ती स्पंजातच जाते. अल्बमसाठी बारीक पांढरी कड चालते, जुन्या फोटोंना ती होतीच की.

मिस्टर फोटो पाठवतात ते व्हॉट्सॲपवर. तिथे साध्या पाठवण्याने फोटो साधारण 1,600 पिक्सेलपर्यंत बारीक होतो. 4×6 ला 1,200 × 1,800 पिक्सेल असले की उत्तम, त्यामुळे थोडं कमी पडतं पण चालतं. त्याहून मोठी कॉपी हवी असेल तर मिस्टरांना सांगा, "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. मोबाईलचा फोटो 4:3 मापाचा आणि 4×6 चा 3:2, म्हणून आडव्या फोटोत वर-खाली आणि उभ्या फोटोत बाजूंनी थोडं कापलं जातंच. गटाचा फोटो असेल तर आधी बघून घ्या, नाहीतर मागच्या रांगेतल्या उंच माणसांचं कपाळ जातं. स्टुडिओत हे आम्ही न सांगता सांभाळायचो, म्हणून लोकांना कधी कळलंच नाही.

पासपोर्टच्या आकाराबद्दल एक फायदा: 35×45 मिलिमीटरचे आठ फोटो एका 4×6 वर आरामात बसतात. पांढरी चादर खिडकीच्या समोरच्या भिंतीवर टांगून उजेडात फोटो घ्या. पण अर्जात जो आकार सांगितला असेल तोच कापा. काही ठिकाणी दोन इंच चौरस मागतात.

आणि एक न विचारलेला सल्ला. घरी प्रिंटर आला की गावभर बातमी जाते. "काय गे, एक झेरॉक्स काढून दे की," "पोराच्या फॉर्मला चार फोटो लागतात, जमेल काय?" पहिल्या महिन्यात तुम्ही हसून द्याल. तिसऱ्या महिन्यात शाई संपलेली असेल आणि नाही म्हटलं तर नंदगडच्या बाजारात कुणी बोलणार नाही. माझ्या एका गिऱ्हाईकाने दारावर कागद लावला: "रंगीत पान 5 रुपये, पासपोर्ट शीट 30." लोकांनी न बोलता पैसे ठेवले. सासूच्या मैत्रिणींना मात्र फुकट. ते तुम्ही बघून ठरवा.

तर करायचं असं. चार रंगांचा, सहज बदलता येणाऱ्या हेडाचा, स्कॅनर असलेला घ्या. पावसाळ्याआधी घेतला तर शाळा सुरू होताच कामाला लागतो. मुलांची पानं घरी, पासपोर्ट घरी, आत्यांसाठी आठवड्याला दोन-तीन फोटो घरी. सहलीचे, लग्नाचे शंभर-दोनशे फोटो आले की घरी छापत बसू नका, स्टुडिओत द्या, मोठी ऑर्डर म्हटलं की ते दर कमी करतात. आणि ज्या फोटोला फ्रेम करून भिंतीवर लावायचं, तोही स्टुडिओतच काढा. बऱ्याच स्टुडिओंत प्रकाशाने रंगणारा कागद आणि रसायन असतं. भिंतीवर उजेडात तसा फोटो घरच्या शाईच्या साध्या फोटोपेक्षा जास्त वर्षं टिकतो.

जुन्या लग्नाच्या अल्बममधले फोटो कोपऱ्याने सोलून काढायच्या आधी मोबाईलने फोटो घेऊन ठेवा, चिकट पानांच्या अल्बममध्ये ते बऱ्याचदा फाटतात. स्कॅनर आला की शांतपणे स्कॅन करा. घरची नवी कॉपी अल्बममध्ये लावण्याआधी रात्रभर उघडी वाळू द्या, नाहीतर पानाला चिकटते. आणि आत्यांना पाशी बसवून प्रत्येक कॉपीच्या मागे बारीक मार्करने नावं, गाव आणि साल लिहून घ्या, शाई वाळल्यावरच दुसरी कॉपी वर ठेवा. चंदगडकडची माणसं कोण, खानापूरकडची कोण, हे त्यांच्याशिवाय आता कुणाला ठाऊक नसेल.